ग्रीक शोकांतिका, नियती आणि माणूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक शोकांतिका म्हटलं की बहुतेकांच्या मनात एक समीकरण तयार असतं: नियती बलवान, माणूस दुबळा, शेवट भयंकर. समीकरण अगदीच खोटं नाही, पण तिथेच थांबलं तर या नाटकांतलं सर्वांत मोलाचं हाती लागत नाही. घाव बसल्यावर माणूस काय करतो आणि त्याच्या शेजारी उभे असलेले लोक त्याच्याशी कसे वागतात, यावर या नाटककारांची नजर खिळलेली आहे. पहिल्यांदा ही नाटकं वाचणारे जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ही नाटकं कुठली, कधीची आणि कोणासाठी लिहिलेली?

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातली, अथेन्स शहरातली. वसंताच्या सुरुवातीला तिथे डायोनायसस देवाचा मोठा उत्सव भरायचा आणि त्यात नाटकांची स्पर्धा व्हायची. जागा अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरची, उघड्यावरची, प्रयोग दिवसाउजेडी. तीन नाटककारांची निवड होई. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि त्यांच्यामागून एक हलकंफुलकं सॅटिर नाटक (अर्धे पशू, अर्धे माणूस अशा सॅटिरांचं) करायचं. नट सगळे पुरुष, मुखवटे घातलेले. सोफोक्लीजच्या काळापासून बोलणाऱ्या सगळ्या भूमिका तीन नटांत वाटल्या जात आणि त्यांच्या जोडीला बारा, पुढे पंधरा जणांचा गाणारा-नाचणारा कोरस असे. कोरसचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाने उचलायचा असे. एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकाचा (इ.स.पू. ४७२) खर्च पुढे अथेन्सचा नेता झालेल्या तरुण पेरिक्लीजने केला होता.

लिहिणारे लोक, म्हणजे एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज हे तिघं नाटककार, जग पाहिलेले होते. एस्किलस इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर लढला. त्याचा भाऊ तिथेच पडला. सोफोक्लीजने शहराच्या खजिन्याचं काम पाहिलं आणि पेरिक्लीजच्या बरोबरीने सेनापतिपदही सांभाळलं. युरिपिडीजच्या नाटकांमागे अथेन्स आणि स्पार्टा यांच्या दीर्घ युद्धाची सावली सतत जाणवते. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये मोठी साथ आली आणि घराघरांतून माणसं गेली. नियतीवर लिहिताना या लोकांना उदाहरणं शोधत फिरावं लागलं नाही.

आज यातलं किती उरलं आहे?

फार थोडं. सोफोक्लीजने सव्वाशेच्या आसपास नाटकं लिहिली, उरली सात. एस्किलसच्या नावावरही सातच आहेत, त्यातल्या ‘बंदिवान प्रोमिथियस’च्या कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. युरिपिडीजच्या नावावर एकोणीस आहेत. पैकी एक सॅटिर नाटक आहे आणि एक बहुधा दुसऱ्याच कोणाचं. बाकीच्या नाटककारांचं एकही नाटक पूर्ण स्वरूपात हाती नाही. तेव्हा ‘ग्रीक शोकांतिका असं म्हणते’ हे वाक्य जरा जपूनच वापरावं.

सगळं आधीच ठरलेलं असेल, तर नाटकात पाहण्यासारखं काय उरतं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुधा सोफोक्लीजचं ‘राजा इडिपस’ वाचून झाल्यावरच येणारा.

गोष्ट थोडक्यात अशी. थीब्जचा राजा लायस याला डेल्फीच्या, अपोलो देवाच्या देवस्थानातून कौल मिळतो की त्याचा मुलगाच त्याला मारेल. मूल जन्मल्यावर त्याचे घोटे एकत्र टोचून ते डोंगरावर टाकायला धनगराच्या हाती दिलं जातं. धनगराला दया येते. मूल कॉरिंथच्या राजघराण्यात वाढतं. मोठेपणी इडिपसच्या कानावर येतं की तू या आईबापांचा नाहीस. तो डेल्फीला जातो. आईबाप कोण, याचं उत्तर त्याला मिळत नाही. मिळतं ते भाकीत: तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. ते टाळायला तो कॉरिंथ सोडतो. वाटेत तीन रस्ते मिळतात तिथे रथातल्या एका म्हाताऱ्याशी त्याची चकमक होते आणि म्हातारा मरतो. पुढे शहराला छळणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवून तो थीब्जचा राजा होतो आणि विधवा राणी जोकास्टाशी लग्न करतो.

आता नाटक नीट पाहा. यातलं काहीही रंगमंचावर घडत नाही. पडदा उघडण्याआधीच (त्या काळी पडदा नव्हता, पण मराठीत दुसरं कसं म्हणणार) भाकीत पूर्ण होऊन कित्येक वर्षं झालेली आहेत. नाटक सुरू होतं ते थीब्जमध्ये साथ पसरलेली असताना, लायसच्या खुन्याचा शोध घ्यायचा इडिपसने निश्चय केल्यावर. पुढे जे घडतं ते निव्वळ त्याच्या शोधामुळे. आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला बोलायला लावू नकोस. जोकास्टाला त्याच्या आधी सगळं उमगतं, आणि ती विनवते, आता पुरे, पुढे विचारू नकोस. म्हातारा धनगर हातापाया पडतो. तिघं तीन वेळा त्याला अडवतात. धनगर जेव्हा म्हणतो की आता मी भयंकर ते सांगण्याच्या काठावर आलो आहे, तेव्हा इडिपस उत्तर देतो, आणि मी ऐकण्याच्या. पण ऐकायलाच हवं.

डेल्फीने त्याच्या हातून बापाचा खून आणि आईशी लग्न होईल असं सांगितलं होतं. तो सत्याचा शोध घेईल, असं कोणत्याही कौलात नव्हतं. सोफोक्लीजने आपल्याला दाखवायला निवडला तो हाच भाग. प्रेक्षकांना गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती, त्यामुळे ‘पुढे काय होणार’ याची उत्सुकता नव्हतीच. एक सरळ, हुशार, प्रजेची काळजी असणारा माणूस एकेक पाऊल टाकत स्वतःपर्यंत कसा पोहोचतो, हे पाहायला ते बसत.

मग इडिपस दोषी की निर्दोष?

नाटककाराने या प्रश्नाला दोन नाटकांतून, आयुष्याच्या दोन टप्प्यांवर उत्तर दिलं आहे, आणि दोन्ही उत्तरं एकत्र धरून ठेवावी लागतात.

‘राजा इडिपस’मध्ये सत्य कळल्यावर जोकास्टा गळफास घेते. इडिपस तिच्याच वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना काढून आपले डोळे फोडतो. कोरस विचारतो, हे करायला तुला कोणत्या देवाने भाग पाडलं? त्याचं उत्तर साऱ्या ग्रीक नाटकाच्या गाभ्याशी आहे. भावार्थ असा: अपोलो, मित्रांनो, माझी ही दुःखं अपोलोने पूर्ण केली, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझा होता, दुसऱ्या कोणाचाही नाही. एका श्वासात देवाचं नाव आणि स्वतःची जबाबदारी. तो आंधळा होईल हे टायरेसियस आधी बोलून चुकला होता, तरी इडिपस त्याच्याकडे बोट दाखवत नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, अगदी म्हातारपणी, सोफोक्लीजने ‘कोलोनसमधला इडिपस’ लिहिलं. इ.स.पू. ४०६ च्या सुमारास तो वारला आणि हे नाटक ४०१ मध्ये रंगमंचावर आलं. इथे भटकून थकलेला आंधळा इडिपस मुलगी अँटिगनीचा हात धरून अथेन्सजवळच्या कोलोनसला येतो. हे सोफोक्लीजचं स्वतःचं गाव. लोक त्याचं नाव ऐकून हादरतात, जा म्हणतात. आता तो आपली बाजू ठामपणे मांडतो: ही कृत्यं मी केली यापेक्षा मी ती सोसली असं म्हणा. माझ्यावर हल्ला झाला तेव्हा मी प्रतिकार केला. तो कोण होता हे मला ठाऊक नव्हतं. हेतू नसलेल्या गोष्टीचा दोष मला कसा देता?

डोळे फोडताना घेतलेला निर्णय आपलाच, हे त्याने कबूल केलं. आणि नकळत झालेल्या पापाचं ओझं जन्मभर वाहून झाल्यावर, त्यातलं आपलं किती आणि आपल्यावर लादलेलं किती, हे वेगळं करायलाही तो शिकला. माझ्या मते हे दुसरं काम पहिल्याहून अवघड आहे. आयुष्यात अपघाताने दुसऱ्याचं नुकसान केलेला कोणीही माणूस हे ओळखेल.

भविष्य विचारलंच नसतं तर हे टळलं असतं का?

जोकास्टा याच मताची आहे. ती नवऱ्याला म्हणते, माणसाच्या हातात काही नाही, सारा यदृच्छेचा खेळ. पुढचं कोणालाच स्पष्ट दिसत नाही. तेव्हा जमेल तसं, मोकळेपणाने जगावं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! आणि कौल खोटे ठरतात हे पटवण्यासाठी तीच लायसच्या खुनाची हकिकत सांगते, त्यात तीन रस्त्यांचा उल्लेख येतो आणि इडिपसच्या काळजात पहिल्यांदा चर्र होतं. धीर देण्यासाठी उच्चारलेले शब्दच फास आवळतात. सोफोक्लीज हे पुन्हा पुन्हा करतो. कॉरिंथहून आलेला निरोप्याही आनंदाचीच बातमी घेऊन आलेला असतो.

देवच घडवून आणतात, तर माणसाला जबाबदार का धरायचं?

ग्रीकांना यात आपल्याइतका अडथळा वाटत नव्हता. एकच घटना देवानेही घडवलेली आणि माणसानेही केलेली असू शकते, असं ते धरून चालत. ‘पर्शियन्स’मध्ये इ.स.पू. ४८० च्या सॅलॅमिसच्या आरमारी लढाईत हरलेल्या पर्शियाची गोष्ट आहे, आणि तीही पर्शियाच्याच राजधानीत घडणारी. विजयी शहराने आठ वर्षांनी रंगमंचावर शत्रूच्या आईचं दुःख पाहावं, हीच मोठी गोष्ट. त्यात मेलेल्या दरायस राजाचं भूत येतं आणि आपल्या मुलाबद्दल, हरलेल्या राजा झर्क्सीझबद्दल, म्हणतं की माणूस स्वतःच घाई करू लागला की देवही त्याला हातभार लावतो. भाकीत होतंच, पण ते इतक्या लवकर ओढवून घेतलं पोराने.

याहून बोचरं उदाहरण ग्रीक सैन्याचा प्रमुख राजा अगामेम्नॉन याचं. ट्रॉयवर निघालेलं आरमार ऑलिसच्या बंदरात उलट्या वाऱ्यामुळे अडकलं. मुलीचा, इफिजेनियाचा, बळी दिला तरच तो वारा थांबेल असं सांगण्यात आलं. एस्किलसचा कोरस ही आठवण सांगताना राजाची घालमेल दाखवतो: आज्ञा मोडणं भयंकर, आपल्या लेकीला कापणंही भयंकर. मग एक ओळ येते की त्याने आवश्यकतेचं जू आपल्या गळ्यात घातलं. जू होतंच. मान पुढे केली ती त्याने. आणि त्या क्षणानंतर त्याचं मन बदललं, कशालाही न कचरणारं झालं, असं कोरस म्हणतो. दोन्ही वाटा वाईट असतानाही माणूस निवड करतो आणि त्या निवडीने तो आतून बदलतो, ही एस्किलसची दृष्टी मला फार खरी वाटते. दहा वर्षांनी राजा घरी येतो तेव्हा इफिजेनियाची आई क्लायटेमनेस्ट्रा त्याची वाट पाहत असते.

दुःखातून शहाणपण येतं, असं ही नाटकं सांगतात ना?

एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’मध्ये (इ.स.पू. ४५८) कोरस देवांचा राजा झ्यूस याचं स्तवन करतो. माणसांना समजुतीच्या वाटेवर त्याने आणलं आणि सोसण्यातूनच शिकणं असा नियम घालून दिला, असं तिथे म्हटलं आहे. पुढे येतं की झोपेतही जुन्या दुःखाची आठवण हृदयाशी थेंबथेंब पाझरते आणि ज्यांना ते नको असतं त्यांनाही शहाणपण येतं. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची बातमी इंडियानापोलिसमधल्या जमावाला सांगताना रॉबर्ट केनेडी यांनी या ओळी आठवणीतून म्हटल्या होत्या. स्वतःच्या भावाचा खून झालेला माणूस रागाने पेटू शकणाऱ्या लोकांसमोर एस्किलसचा आधार घेतो, यावरून त्या ओळींचं बळ कळतं.

पण या वाक्याला सुविचाराच्या फळ्यावर नेऊन ठेवू नये. हे गाणारे कोरसमधले म्हातारे स्वतः भेदरलेले आहेत. अगामेम्नॉन आपल्या दुःखातून काही शिकल्याचं दिसत नाही. तो क्लायटेमनेस्ट्राने अंथरायला लावलेल्या गालिच्यावर पाय ठेवून घरात जातो आणि तिच्या हातून मरतो. सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’मध्ये, भावाला मूठमाती दिली म्हणून अँटिगनीला मरणाची शिक्षा देणाऱ्या राजा क्रिऑनला शहाणपण येतं तेव्हा अँटिगनी, त्याचा मुलगा हीमॉन आणि बायको युरिडिसी तिघंही मेलेली असतात. शेवटी कोरस म्हणतो की गर्विष्ठांचे मोठे बोल मोठे फटके देऊन म्हातारपणी शहाणपण शिकवतात. म्हातारपणी! म्हणजे उपयोगाची वेळ निघून गेल्यावर.

मग सोसणं फुकट जातं का? त्या एका माणसापुरतं पाहिलं तर अनेकदा जातं. पण पाहणाऱ्याला ते उशिरा मिळत नाही. क्रिऑनला जे कळायला घर उद्ध्वस्त व्हावं लागलं, ते प्रेक्षक घरी जाऊन वेळेवर वापरू शकतो.

प्रत्येक नायकात एक दुर्गुण असतो आणि त्यामुळे त्याचा नाश होतो, असं शाळा-कॉलेजात शिकवतात. खरं आहे का?

अर्धवट खरं. ॲरिस्टॉटलने शोकांतिकांवर लिहिलं ते इ.स.पू. चौथ्या शतकात, म्हणजे हे तिघं नाटककार गेल्यानंतर. त्याचं म्हणणं असं की फार सज्जन माणसाचा नाश पाहून मन विटतं, दुष्टाचा नाश पाहून दया येत नाही. मधल्या माणसाचा दैवपालट एखाद्या मोठ्या चुकीमुळे व्हावा. चूक म्हणजे स्वभावातला डागच असला पाहिजे, असं तो म्हणत नाही. माहिती अपुरी असताना घेतलेला निर्णयही त्यात येतो. इडिपस तापट आहे खरा, पण तो शांत स्वभावाचा असता तरी जोकास्टा त्याची आईच राहिली असती. दुर्गुण शोधण्याच्या नादात आपण नकळत ‘याला शिक्षा मिळाली ती बरोबरच’ असं म्हणू लागतो, आणि नाटक ज्या दयेकडे नेऊ पाहतं ती बाजूला पडते.

हे आपल्या प्रारब्धासारखं आहे का? इडिपस म्हणजे ग्रीकांचा कर्ण का?

मराठी वाचकाच्या मनात हे येणं साहजिक आहे. तुलना मदत करते, पण मोठा फरक लक्षात ठेवावा. कर्मसिद्धांतात आजच्या भोगाचा हिशेब मागच्या जन्मांत लागतो. जीव स्वतःचंच पेरलेलं उगवताना पाहतो. या नाटकांत मागचा जन्म नाही. तिथे घराण्याचा शाप आहे: अगामेम्नॉनचा बाप आट्रियस याच्या घरातलं पाप नातवापर्यंत पोहोचतं, लायसचं इडिपसमार्गे अँटिगनीपर्यंत. सोसणाऱ्याने ते केलेलं नसतं. त्यामुळे ‘माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाला तिथे समाधानकारक उत्तर मिळत नाही, आणि नाटककार ते द्यायचा आवही आणत नाहीत.

कर्णाचं म्हणाल तर जन्मतःच टाकलेलं मूल आणि परक्या घरी वाढणं एवढं साम्य आहे. पण युद्धाआधी कृष्ण आणि कुंती त्याला जन्माचं सत्य सांगतात आणि ते ठाऊक असूनही तो दुर्योधनाची बाजू सोडत नाही. म्हणजे तो अँटिगनीच्या अधिक जवळचा. तीसुद्धा परिणाम माहीत असताना, भावाला मूठमाती देण्यासाठी पुढे जाते.

कळतं पण वळत नाही, याबद्दल कोणी लिहिलं आहे का?

युरिपिडीजने, आणि जीव पिळवटून. ‘हिपोलिटस’मध्ये (इ.स.पू. ४२८) सावत्र मुलाच्या प्रेमात पडलेली फीड्रा म्हणते की चांगलं काय ते आपल्याला कळतं, ओळखता येतं, पण आपण ते तडीस नेत नाही. ‘मेडिया’ची नायिका पोटच्या मुलांना मारण्याआधी म्हणते, मी किती भयंकर करायला निघाले आहे ते मला समजतं, पण माझा संताप माझ्या विचाराहून बलवान आहे. आपल्याकडे दुर्योधनाच्या तोंडी घातलेला ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’ हा श्लोक आठवल्याशिवाय राहत नाही.

युरिपिडीजने नियतीला देवळातून उचलून माणसाच्या छातीत आणून बसवलं. अथेन्सच्या परीक्षकांना तो नेहमी रुचला नाही, इ.स.पू. ४३१ च्या स्पर्धेत ‘मेडिया’सह त्याची नाटकं तिसरी, म्हणजे शेवटची आली.

‘मरेपर्यंत कोणाला सुखी म्हणू नये’ हा निव्वळ निराशावाद नाही का?

हा विचार ‘राजा इडिपस’च्या शेवटी येतो, इतर नाटकांतही येतो, आणि इतिहासकार हेरोडोटसच्या ग्रंथात अथेन्सच्या शहाण्या सोलोनच्या तोंडीही आहे. त्याहून काळी ओळ ‘कोलोनसमधला इडिपस’मध्ये आहे: जन्मालाच न येणं सर्वांत बरं, आणि आलोच तर आलो तिथे लवकर परत जाणं त्याखालोखाल.

ओळ कोण म्हणतं आणि केव्हा, ते पाहायला हवं. ती कोलोनसच्या म्हाताऱ्यांचा कोरस गातो, समोर छळलेला आंधळा पाहून. नाटक तिथे संपत नाही. त्याच आंधळ्याला पुढे देवांकडून बोलावणं येतं, तो कोणाचाही हात न धरता चालत जातो आणि त्याची अज्ञात समाधी अथेन्सला संरक्षण देणारी ठरते. कोरसचं म्हणणं म्हणजे नाटककाराचा निकाल, असं समजू नये. कोरस म्हणजे घाबरणारी, आशा धरणारी, कधी चुकणारी माणसं.

सगळ्यांचा शेवट मृत्यूतच होतो का?

मुळीच नाही. एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी अथेन्समधल्या न्यायसभेत संपते. बापाच्या, अगामेम्नॉनच्या, खुनाचा सूड म्हणून आईला मारणाऱ्या ओरेस्टीसचा खटला चालतो, मतं समसमान पडतात, अथीना देवीचं मत त्याच्या बाजूला असल्याने तो सुटतो. मग ती चवताळलेल्या सूडदेवतांची समजूत घालते आणि त्यांना शहरात मानाची जागा देते. पिढ्यान्‌पिढ्यांचं सूडचक्र युक्तिवादाने आणि मतदानाने थांबतं. सोफोक्लीजच्या ‘फिलोक्टेटीस’मध्येही (इ.स.पू. ४०९) शेवटी जखमी नायकाला बरं होण्याची वाट मिळते.

इतकं दुःख लोक मुद्दाम पाहायला का जात?

दुःख कुठलं, यावर सगळं अवलंबून होतं. फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने मिलेटस शहराच्या पाडावावर नाटक केलं. मिलेटस अथेन्सचं नात्यातलं शहर, नुकतंच पर्शियनांनी उद्ध्वस्त केलेलं. हेरोडोटस सांगतो की सगळं प्रेक्षागृह रडलं, आणि आपल्या घरचं दुःख आठवून दिलं म्हणून नाटककाराला हजार ड्राक्मांचा दंड झाला, नाटकावर बंदी आली. त्यानंतर जे टिकलं ते बहुतांशी पुराणकथांच्या अंतरावरून लिहिलेलं. थीब्जच्या, ट्रॉयच्या दुःखासाठी रडता रडता आपल्याकडेही पाहता येतं. इ.स.पू. ४१५ च्या वसंतात युरिपिडीजने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ सादर केलं. त्याच्या थोडंच आधी अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथल्या पुरुषांना मारलं होतं आणि बायकामुलांना गुलाम केलं होतं. नाटकात मेलोसचं नाव कुठेही नाही.

मग जगण्यासाठी यातून घ्यायचं काय?

निवडायचंच झालं तर मी नियतीबद्दलची कोणतीही ओळ निवडणार नाही. मी या तीन जागा निवडेन.

सोफोक्लीजच्या ‘एजॅक्स’ची सुरुवात. अथीनाने ग्रीक वीर एजॅक्सला वेड लावलं आहे आणि ती त्याच्या शत्रूला, ओडिसियसला, ते दाखवते: शत्रूवर हसण्याइतकं गोड काय आहे? ओडिसियस हसत नाही. तो म्हणतो, माझा वैरी असला तरी मला त्याची दया येते; त्याच्यात मी माझंच पाहतो; आपण सगळे जिवंत लोक म्हणजे नुसत्या सावल्या. नाटकाच्या शेवटी एजॅक्सला मूठमाती मिळावी म्हणून हाच ओडिसियस भांडतो, कारण एक दिवस मलाही तिथेच यायचं आहे, असं तो सांगतो.

दुसरी जागा कोलोनसची. सगळे ज्याला हाकलत आहेत त्या इडिपससमोर अथेन्सचा राजा थिसियस येतो आणि म्हणतो, मीही परक्या ठिकाणी वाढलो, मला ठाऊक आहे. मी माणूस आहे, आणि उद्याच्या दिवसावर तुझ्याहून माझा अधिक हक्क नाही. राजाने भिकाऱ्याला आश्रय देण्याचं कारण म्हणून दुसरं काही लागत नाही.

तिसरी, युरिपिडीजच्या ‘हेराक्लीज’मधली. हेरा देवीने पाठवलेल्या वेडात हेराक्लीज स्वतःच्या बायकोला आणि मुलांना मारतो. भानावर आल्यावर तो मरायचं ठरवतो. थिसियस येतो तेव्हा हेराक्लीज डोकं झाकून घेतो, कारण आपल्या पापाचा विटाळ त्याला लागेल. थिसियस ते झाकण बाजूला करायला लावतो, मित्राकडून मित्राला विटाळ होत नाही म्हणतो, आणि रक्ताने माखलेला हात धरतो. जगातल्या सर्वांत बलवान वीराचं शेवटचं शौर्य म्हणजे जगायचं ठरवणं, आणि तेही दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून.

‘हिपोलिटस’च्या शेवटी याची उलटी बाजू दिसते. मरणाऱ्या हिपोलिटसजवळून त्याची लाडकी देवी आर्टेमिस निघून जाते, कारण देवांनी मरण पाहायचं नसतं. ज्याच्या शापामुळे तो मरतो आहे तो बाप मात्र त्याला कवेत घेऊन बसतो, आणि मुलगा त्याला क्षमा करतो. क्षमा करणं आणि शेवटपर्यंत जवळ बसणं या नाटकांत माणसांना जमतं; अमर असलेल्यांना त्याची गरज कळत नाही.

वाचायला सुरुवात कुठून करावी? मराठीत काही आहे का?

मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने सोफोक्लीजचं नाटक आणलं आहे, तिथून सुरुवात उत्तम. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा परिचय विंदा करंदीकरांनी मराठीला करून दिला. तो मात्र दोन-तीन नाटकं वाचून झाल्यावर हाती घ्यावा, म्हणजे सिद्धांताच्या चष्म्यातून नाटक पाहण्याची सवय लागत नाही. इंग्रजी वाचत असाल तर पुढचा क्रम असा ठेवा: ‘अँटिगनी’, ‘मेडिया’, मग ‘ओरेस्टिया’ सलग तिन्ही भाग. ‘कोलोनसमधला इडिपस’ सर्वांत शेवटी, आणि शक्य झालं तर ‘राजा इडिपस’ पुन्हा एकदा वाचून लगेच त्यानंतर. कोरसची गाणी पहिल्या वाचनात कठीण वाटतात, नावांची गर्दी होते. ती मोठ्याने वाचा, आणि न कळलेली नावं तशीच पुढे जाऊ द्या.